रित्या पोटाचा ससा

ओजस, तन्वी… आधीच सांगून ठेवते, तुमची आजी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आळीत कुणाला 'लागिरं झालं' असं कानावर आलं की ते थर्मामीटर घेऊन जायचे, आणि बहुतेक वेळा ताप निघायचा. मी स्वतः जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. धड्यात भुताची गोष्ट आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे — सांगणारा तेव्हा पुरता जागा होता का, आणि त्याला चष्मा होता का?

तर मी पुरती जागी होते. चष्मा लावलेला होता, आणि नंबर त्याच महिन्यात तपासून घेतलेला होता.

इथल्या मंडळाच्या अंकात अशा अनुभवांचं एक सदर असतं. संपादकांनी मागितलं म्हणून लिहायला बसले खरी, पण डोळ्यांसमोर तुम्ही दोघंच आहात. व्हँकुव्हरला तुमची आई हे वाचून दाखवेल. मध्ये मध्ये ती "काहीतरीच हं आई!" म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका.

निखिलमामाचं जर्मनीतलं, एर्लांगेनचं घर तुम्ही पाहिलेलं आहे. स्टेशनच्या मागे, रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की इमारती संपतात आणि रेग्निट्झ नदीची कुरणं सुरू होतात. त्या कडेचं शेवटून दुसरं घर. वरच्या मजल्यावर आम्ही, म्हणजे निखिल, अनुजामामी आणि मी. तळमजल्यावर फ्राऊ लिंडनर. मी त्यांना मनात आणि मराठीत लिंडनरबाई म्हणते. त्यांच्या मागच्या खोलीला एक मोठी खिडकी आहे, थेट कुरणाकडे उघडणारी. त्या खोलीतच हे सगळं घडलं.

लिंडनरबाई जन्मभर म्युझियममध्ये जुनी कापडं सांभाळायचं काम करत. सांभाळायचं म्हणजे पेटीत ठेवायचं नव्हे — हजार वर्षांपूर्वीचं, हात लावला तर भुगा होईल असं कापड स्वच्छ करायचं, सरळ करायचं आणि दुसऱ्या मजबूत कापडावर केसाएवढ्या रेशमी धाग्याने टाचून ठेवायचं, म्हणजे ते आणखी शंभर वर्षं टिकेल. तरुणपणी त्या लंडनला काम शिकल्या होत्या, म्हणून इंग्रजी उत्तम. माझं जर्मन भाजीच्या दुकानापुरतं. त्यामुळे आमची मैत्री इंग्रजीतच झाली, मधून मधून त्यांचं 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', आणि माझं 'अगंबाई'.

अलीकडे त्यांच्या नजरेला मधोमध धूसर दिसायला लागलं होतं. कडेचं दिसतं, नेमकं बघायचं ते पुसट. हातालाही जरा कंप. दिव्याच्या मोठ्या भिंगाखाली त्या अजून टाचायच्या, पण सुईत दोरा काही ओवता यायचा नाही. ते काम माझ्याकडे आलं. दुपारचं जेवण आटोपलं की मी खाली जायची आणि पंधरा-वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायची.

"एका दमात ओवता तुम्ही," त्या म्हणायच्या. "तुमच्या वयाला!"

"माझ्या वयाला म्हणजे? तुमच्यापेक्षा लहान आहे मी. विसरू नका."

"तेवढं विसरायला मला फार आवडेल, फ्राऊ साठे."

विसरण्यावर त्या असे विनोद करायच्या, कारण घरात तोच विषय होता. त्यांची मुलगी (तिचं नावच 'साबीने') इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. ब्रेक तपासणं हे तिचं काम. दर शनिवारी गाडीने यायची. एकदा आईने दुधाचं भांडं जाळलं होतं, एकदा बसमध्ये पर्स विसरली होती, आणि एकदा साबीनेचाच वाढदिवस. साबीने वाईट नाही हो… काळजीने काळवंडलेली पोर. तिने तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात आईचं नाव घालून ठेवलं होतं आणि आता तिथे जागा होत होती.

"दूध तर माझंही जळतं, साबीने," मी एकदा म्हटलं.

"तुमच्या घरात माणसं आहेत, फ्राऊ साठे. मुटीला वरच्या मजल्यावरच्या तुम्हीच काय त्या," ती म्हणाली. आईला ती 'मुटी' म्हणते. मग स्वतःच हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

लिंडनरबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "हातातलं हे काम होऊ दे. ते नीट झालं, तर माझ्या डोक्याचं काय ते मलाही कळेल आणि तुलाही." साबीनेने ते मान्य केलं होतं. म्हणजे बघा, ते काम नुसतं काम राहिलं नव्हतं.

आता ते काम कसलं, ते सांगते. एका वारलेल्या प्राध्यापकांच्या मुलांनी वडिलांच्या संग्रहातली काही कापडं म्युझियमला द्यायचं ठरवलं होतं. त्यातला एक तुकडा म्युझियमने मुद्दाम लिंडनरबाईंकडे दिला. वीतभर रुंद, हातभर लांब. इजिप्तमधला, हजारेक वर्षांपूर्वीचा. अळशीच्या सुताचं पातळ कापड, जुन्या कागदासारखं पिवळसर पडलेलं, आणि त्यात मधून जाणारा रेशमाचा निळा पट्टा. अशा कापडाला तिराझ म्हणतात. तेव्हाच्या खलिफांच्या कारखान्यांत ते विणलं जाई, त्यावर आशीर्वादाची अक्षरं असत, आणि मानाचं म्हणून ते लोकांना देत. माणूस गेला की त्याच्या नातेवाइकांना वाटे, हा आशीर्वाद याच्याबरोबर जाऊ दे. मग त्याच कापडात गुंडाळून पुरत. कोरड्या वाळूत ती कापडं टिकली. पुढे कुणी कुणी उकरून काढली, दुकानदारांनी कात्रीने कापून तुकडे विकले. एकाच शेल्याचा एक तुकडा एका देशात, दुसरा तिसऱ्याच देशात…

"म्हणजे हे प्रेतवस्त्र आहे?" मी ओवलेली सुई हातात धरून विचारलं होतं. आपल्याकडे असलं काही घरात आणत नाहीत, हे माझ्या मनात आलंच.

"कुणीतरी कुणाला तरी प्रेमाने पांघरलेलं आहे," लिंडनरबाई म्हणाल्या. "मी तसं बघते."

त्या निळ्या पट्ट्यात गोल गोल घरं होती आणि प्रत्येक घरात एक पांढरा ससा. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. कान मागे टाकलेला, पाय दुमडलेला, अगदी पळायच्या बेतात. इतके छोटे ससे धाग्यांनी विणायचे म्हणजे काय काम असेल! सगळे ससे पांढरे भरलेले, फक्त टोकाचा एक सोडून. त्याची निळी बाह्यरेषा पुरी होती, पण पोट आणि डोळा रिकामा. तिथे नुसते उभे धागे दिसायचे, बांबूच्या पडद्यातल्या काड्यांसारखे.

"झिजला बिचारा," मी म्हटलं.

"नाही. सगळे तसंच म्हणतात. पण झिजलं की तुटलेली टोकं उरतात, ठसा उरतो. इथे काही नाही. इथे धागा कधी गेलाच नाही. संपला असेल. किंवा हिला कुणी हाक मारली असेल…" त्या विणणाऱ्याला नेहमी 'ती' म्हणत. "बाई होती की पुरुष, कोण जाणे. मला आपली ती वाटते."

"मग तुम्हीच भरा की! पांढरा धागा तर आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मूर्तीच्या कपाळाला च्युइंगम लावायला सांगितलं. "फ्राऊ साठे! आमच्या धंद्यातला पहिला नियम — जुन्या कापडात आपलं काही विणायचं नाही. आधार द्यायचा. भर घालायची नाही. ज्याने घातली, त्याला पुन्हा कुणी सुई देत नाही."

हा नियम लक्षात ठेवा.

यंदा पाडवा आणि ईद पाठोपाठ आले होते. पाडव्याला नेसायची म्हणून तुम्ही दोघांनी निवडून पाठवलेली साडी… ती वेळेवर पोचलीच नाही, कारण पार्सल इथल्या त्सोलमध्ये, म्हणजे जकातीत अडकलं. अनुजामामी सोडवून घेऊन आली ती हसतच.

"आई, त्या माणसाने साडी पाहून विचारलं, 'एवढा लांब टेबलक्लॉथ? किती माणसं जेवतात तुमच्याकडे?'"

मोतिया रंगाची सुती साडी, निळा बारीक काठ. सुंदर आहे हं, तुमच्या आईचीही मदत झाली असणार. अनुजाने पदराच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता मोडा घडी." तो पाडव्याचा दुसरा दिवस होता, म्हणजे बीज.

त्याच दुपारी लिंडनरबाईंचं काम संपलं. तुकडा फळीवर टाचलेला, वर काच, भोवती चौकट. मागच्या बाजूने चारही कडांना त्यांनी कागदी पट्टी चिकटवली आणि पट्टीवरून चौकटीवर जाईल अशी शिसपेन्सिलीने सही केली. चारही ठिकाणी. चौकट कुणी उघडली तर सहीची रेघ तुटेल, म्हणून ही पद्धत. अनुजा घरूनच काम करत होती, तिला बोलावून तिच्या फोनवर जवळून फोटो काढून घेतले, एकेका सशाचा. प्राध्यापकांच्या मुलांना पाठवायचे होते. रित्या पोटाच्या सशाचाही काढला.

संध्याकाळी मी पुन्हा खाली गेले, कारण कोर त्या खिडकीतूनच दिसते. तुम्हाला हे माहीत नसेल. बीजेची कोर दिसली की अंगावरच्या कापडाची एक दशी — म्हणजे टोकाचा एक धागा — ओढून काढायची, चांदोबाला दाखवून वाऱ्यावर सोडायची आणि म्हणायचं, 'जुनं घे, नवं दे.' माझी आई करायची, मी करते. यात श्रद्धा किती आणि सवय किती, ते विचारू नका. दात घासण्यातही श्रद्धा नसते.

कुरणावर अजून उजेड होता. आभाळ खाली केशरी, वर हिरवट, आणि त्यात नखाच्या कडेसारखी कोर. मी पदराच्या कोपऱ्यातून एक लांब दशी ओढली.

"थांबा! काय करताय?" लिंडनरबाई जवळजवळ ओरडल्या.

मी सांगितलं.

"नव्या कापडातून? मुद्दाम? दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"मी जन्मभर एकेक धागा वाचवला, आणि माझ्या डोक्यावर राहून तुम्ही… दास गेट निश्ट, फ्राऊ साठे! हे चालणार नाही!" पण त्या हसत होत्या. खिडकी त्यांनीच उघडून दिली. "आज ईदची कोर ना? हिनेही हीच बघितली असेल."

मी म्हटलं, 'जुनं घे, नवं दे,' आणि दशी सोडली. नेमका वारा आत आला. दशी माझ्या खांद्यावरून मागे खोलीत गेली. आम्ही टेबलावर, खाली, चौकटीवर सगळीकडे पाहिलं. सापडली नाही. "केर काढताना मिळेल," त्या म्हणाल्या. "मी धागे फेकत नाही, काळजी नको." मी वर जाऊन वरणाला फोडणी घातली.

पुढच्या आठवड्यात म्युझियमच्या फ्राऊ बेरेन्स चौकट न्यायला आल्या. काम पुरं झालं म्हणून साबीनेने मुद्दाम रजा काढली होती. आईला बाहेर जेवायला न्यायचं होतं. मी सगळ्यांसाठी चहा घेऊन गेले. बेरेन्सबाईंनी पडदे ओढले आणि जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा काढला. त्या प्रकाशात जुनं सूत मंद दिसतं, आणि आजच्या पांढऱ्या सुताला चमक आणायला जे काही घालतात ते लखलखतं. नवं काही मिसळलंय का, हे लगेच कळतं. नेहमीचीच तपासणी.

दिवा पट्ट्यावरून सरकत गेला. ससे एकामागून एक अंधुक. शेवटच्या सशाजवळ दिवा थांबला.

त्याचं पोट लखलखत होतं. निळसर पांढरं. आणि डोळ्याच्या जागी एक पिवळाधमक ठिपका.

बेरेन्सबाईंनी पडदा उघडला, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "फ्राऊ लिंडनर, तुम्ही इथे… भरलंय का?"

"नाही," लिंडनरबाई म्हणाल्या.

"विणलेलं आहे. खाली-वर, खाली-वर. नवा सुती धागा आहे."

"मी असं कधीच करणार नाही."

साबीनेच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मुटी… तुला आठवत नसेल."

बस्स. त्या एका वाक्याने लिंडनरबाई खुर्चीत खचल्या. सुई हातात धरून जिने जन्म काढला, तिने आपल्या धंद्यातला पहिला नियम मोडला, आणि मोडल्याचंही तिला आठवत नाही… याहून मोठा पुरावा तो काय हवा? बेरेन्सबाई भल्या. त्या म्हणाल्या, "मला वरिष्ठांना विचारावं लागेल. मी शुक्रवारी येते. तोवर कुणी उघडू नका." साबीने बाहेर जाऊन वृद्धाश्रमाला फोन करून आली. शनिवारपर्यंत नक्की सांगते, असं त्यांना कळवलं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी खाली गेले. लिंडनरबाईंनी सुयांची उशी माझ्या हातात दिली.

"तुम्ही घेऊन जा. माझ्या हातात नकोत."

"अहो, पण तुम्ही केलेलं नाही हे!"

"कशावरून?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मला नाही आठवत, हे कारण नाही होत, फ्राऊ साठे. न आठवणं हाच तर रोग आहे. मी केलंच असेल."

मी ती उशी घेऊन वर आले आणि माझी एक वाईट सवय आहे — सुचेनासं झालं की कपड्यांच्या घड्या घालते. दोरीवर सुकलेले निखिलचे शर्ट झाले, टॉवेल झाले, मग कपाटातली ती मोतिया साडी उगाच पुन्हा उलगडली. पदराचा कोपरा हातात आला. हळद-कुंकवाचा डाग. आणि त्या डागाच्या मधून गेलेली एक बारीक मोकळी रेघ… जिथून मी दशी ओढली होती.

पांढरा सुती धागा. एका टोकाला पिवळा.

मी अनुजाला हाक मारली. ती मीटिंगमधून कानाला हेडफोन तसाच लावून आली. मी तिला फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी तू शेवटच्या सशाचा फोटो काढलास, तो चौकट बंद केल्यावर ना?"

"हो. सह्या करून झाल्यावर. का?"

फोटोत सशाचं पोट रिकामं होतं. आणि मी दशी ओढली ती त्याच संध्याकाळी, फोटोनंतर.

अनुजा खाली बसली. "आई," ती म्हणाली, "हे तुम्ही कुणाला सांगणार?"

मी शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं. साडी हातावर घेऊन खाली गेले आणि वर्गात शिकवावं तसं क्रमाने सांगितलं — आधी सह्या, मग फोटो, मग कोर, मग दशी. बेरेन्सबाईंनी पडदे ओढून जांभळा दिवा पदराच्या कोपऱ्यावर धरला. हळद तश्शीच पेटली, सशाच्या डोळ्यासारखी पिवळी. शेजारचं सूत तसंच निळसर लखलखलं.

साबीनेने फोटोची वेळ तपासली. मग चौकट उलटी करून भिंगातून चारही सह्या पाहिल्या. ब्रेक तपासणारी मुलगी ती, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. बराच वेळ पाहिल्या.

"रेघ कुठेच तुटलेली नाही," शेवटी ती म्हणाली. "मुटीने ही उघडलेली नाही. कुणीच उघडलेली नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "मग तुमचा धागा आत गेला कसा?"

"मला माहीत नाही, साबीने."

"फटीतून वाऱ्याने गेला असेल, समजा," बेरेन्सबाई म्हणाल्या. "स्थिर विजेने चिकटला असेल. पण विणला…" नियमाप्रमाणे नंतर घातलेला धागा काढायचा, एवढं मात्र त्यांना वरिष्ठांनी सांगितलं होतं. आणि तो लिंडनरबाईंनीच काढावा, असंही.

लिंडनरबाईंनी स्वतःच्या हाताने पट्टी कापली. काच बाजूला झाली. दिवा खाली ओढून, मान वाकडी करून, नजरेच्या कडेने बघत त्यांनी चिमटा सशाच्या पोटाजवळ नेला.

आणि तिथेच थांबल्या.

"फ्राऊ बेरेन्स, इकडे या. आधी पहिला ससा बघा. डाव्या कडेला धागा वळतो ना, तिथे ती उभ्या धाग्याला एक जास्तीचा वेढा घेते. फक्त डावीकडे. दिसतं? दुसरा ससा. तिथेही. तिसरा. मी इतक्या महिन्यांत हा हात ओळखायला लागले आहे. दुसऱ्या कुणाच्या विणीत हे मी पाहिलेलं नाही. कुणाला याची गरजच पडत नाही, ही फक्त तिची खोड आहे." मग चिमट्याचं टोक नव्या पांढऱ्या धाग्याकडे. "आता हा बघा."

बेरेन्सबाईंनी पाहिलं. साबीनेने पाहिलं. मग मी पाहिलं. माझा धागा, तुम्ही पाठवलेल्या साडीतला, तीन-चार ओळींत सशाच्या पोटातून गेलेला, आणि प्रत्येक ओळीला डावीकडे एक जास्तीचा वेढा. शेवटी हळदीचं टोक डोळ्याच्या जागी खाली वळवून मागच्या बाजूला नीट दडवलेलं.

"हे मला करता येणार नाही," लिंडनरबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांपूर्वीसुद्धा आलं नसतं." त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता. सगळ्यांना दिसेल असा त्यांनी तो दिव्याखाली धरला. "आल्झो… तर मग, भर घालायची नाही, हा नियम मी पाळला. तिच्या कामातलं काढायचं नाही, हाही नियमच आहे."

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

बेरेन्सबाईंनी जांभळा दिवा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "मी वरिष्ठांना सांगेन की काढताना जुनं सूत फाटलं असतं." आणि पुढे, "ते खोटंही नाही."

साबीने बागेत गेली. खिडकीतून तिचा आवाज ऐकू येत होता. वृद्धाश्रमाच्या बाईंना ती सांगत होती, जागा यादीतल्या पुढच्या माणसाला द्या, माझ्या आईला इतक्यात नको. आत आली तेव्हा नाक लाल झालेलं होतं. "ब्रेक का लागला नाही, हे मी शोधून काढू शकते," मला म्हणाली. "हे नाही काढता येत." आणि आईला म्हणाली, "दुधाचं भांडं मात्र मी शिट्टीवालं आणून देणार आहे, कळलं?"

"दोन आण. एक वरच्या मजल्याला."

सगळे गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. मी सुयांची उशी परत आणून टेबलावर ठेवली. मला राहवेना.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं. "खरं सांगा. मला कालपासून या खोलीत यायला धीर होत नव्हता."

लिंडनरबाई काचेवरची धूळ पुसत होत्या. "भीती? गेले कित्येक महिने होती ना. माझ्या हातून, मला न कळता काहीतरी होतंय, याची. रात्र रात्र जागी असायचे." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "आता कळलं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं. फ्राऊ साठे, भूत निघालं म्हणून एवढं बरं वाटलेलं माणूस तुम्ही आधी पाहिलंय का?"

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वरून अनुजाने वाकून विचारलं, काय झालं म्हणून.

मुलांनो, यातलं कोणतंही मी सिद्ध करू शकत नाही. तो तुकडा आता म्युझियमच्या अंधाऱ्या खणात आहे, कुणाला सहज बघता येत नाही. स्थिर वीज, वारा, आमचे म्हातारे डोळे… जे जे सुचलं ते मी स्वतःला सांगून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्या डावीकडच्या वेढ्याशी येऊन अडले. तुम्ही मोठे झालात आणि काही सुचलं तर मला जरूर कळवा. या सगळ्याला काय म्हणावं, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण तळमजल्यावरचा दिवा आता रात्री वेळेवर विझतो. लिंडनरबाईंना झोप लागते, एवढं मी खात्रीने सांगते.

तुमची,
आजी